रामाकोन्यात व्यवसाय सुरू करताना: कोणते परवाने, कोणाकडून?

नागपूर–छिंदवाडा मार्गावरील रामाकोना हे सौंसर तालुक्यातील गाव. नागपूर आणि सौंसर एकेकाळी एकाच राज्यात होते. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि सौंसर मध्य प्रदेशात राहिले. घरातील भाषा मराठीच राहिली, कायदे मात्र वेगळे झाले. परिणामी येथील वाचकाला परवान्यांविषयी मराठीतून मिळणारी माहिती बहुधा महाराष्ट्राची असते. सातबारा, एनए, ‘आपले सरकार’ यांचा येथे उपयोग नाही. व्यवसायाची जागा ज्या राज्यात, त्या राज्याचा परवाना. मालकाचे घर सावनेरला असले तरी त्यात फरक पडत नाही.

प्रारंभ जागेपासून करावा. खसरा आणि बी-1 पाहून जमीन शेतीची आहे काय हे ठरते. शेतजमिनीवर दुकान किंवा गोदाम बांधावयाचे असेल, तर मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता, 1959 अन्वये डायव्हर्जन करावे लागते. बांधकामाची अनुमती ग्रामपंचायतीकडून घ्यावी. नोकर ठेवणाऱ्या दुकानासाठी 1958 चा दुकान व आस्थापना कायदा आहे, तो अधिसूचित क्षेत्रांत लागू होतो. आपली जागा त्यात येते काय, हे श्रम विभागाकडून लेखी विचारून घेणे बरे. महाराष्ट्राच्या 2017 च्या कायद्याचा नियम येथे दाखवून भागत नाही.

पुढचा प्रश्न मालाचा. शेतकऱ्याकडून कापूस विकत घेणाऱ्याला 1972 च्या कृषी उपज मंडी अधिनियमाखाली मंडी समितीचा अनुज्ञाप्ती-परवाना लागतो. महाराष्ट्रातील बाजार समितीचा परवाना त्याऐवजी चालत नाही. खत, बियाणे आणि कीटकनाशके एकाच दुकानात विकली जातात, पण परवाने तीन वेगळे, आणि तिन्ही राज्याच्या कृषी विभागाकडून. खाद्यपदार्थांसाठी अन्नसुरक्षा नोंदणी आवश्यक आहे, मग ते हॉटेल असो वा घरगुती पापड. वजनकाट्याची पडताळणी नापतौल विभाग करतो.

सीमेवरील व्यापाऱ्याची खरी अडचण जीएसटीत आहे. केवळ मालाचा व्यापार असेल तर नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला 40 लाख रुपये उलाढाल, सेवांसाठी 20 लाख. परंतु करपात्र माल दुसऱ्या राज्यात पाठवला, तर काही अपवाद वगळता ही मर्यादा उरत नाही. रामाकोन्याहून छिंदवाड्याला चिवडा पाठवणाऱ्या लहान उत्पादकाला जी मोकळीक आहे, ती सावनेरला पाठवणाऱ्याला नाही, अंतर कमी असले तरीही. कंपोझिशन योजनेतील व्यापाऱ्यालाही परराज्यात माल विकता येत नाही. आपल्या बागेतील संत्री विकणारा शेतकरी मात्र या नोंदणीतून मुक्त आहे. त्याच संत्र्यांचा रस बाटलीत भरून विकू लागला की गणित बदलते. नोंदणी क्रमांकाचे पहिले दोन अंक मध्य प्रदेशासाठी 23, महाराष्ट्रासाठी 27 असतात. दुसऱ्याच्या बिलावरूनही राज्य ओळखता येते.

एमएसएमईचे उद्यम प्रमाणपत्र विनामूल्य मिळते. तो परवाना नव्हे. ते काढून देण्यासाठी पैसे मागणाऱ्यांपासून सावध राहावे.

आपल्या धंद्याची यादी एकत्र हवी असल्यास केंद्राच्या नॅशनल सिंगल विंडो सिस्टीमवर प्रश्नावली आहे. राज्य, व्यवसाय, कामगार यांविषयीची उत्तरे दिली की संभाव्य परवानग्यांची यादी येते. ती मार्गदर्शक समजावी आणि संबंधित कार्यालयात पडताळावी. जिल्हा निवडताना ‘पांढुर्णा’ निवडावा: हा जिल्हा 2023 मध्ये छिंदवाड्यापासून वेगळा झाला, आणि जुन्या माहितीपत्रकांत अद्याप छिंदवाडाच आढळतो.

अर्जाची दिनांकित पावती घेतल्याशिवाय खिडकी सोडू नये. मध्य प्रदेशाच्या 2010 च्या लोकसेवा हमी कायद्यात अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे. विनाकारण विलंब केल्यास अधिकाऱ्याला दिवसाला 250 रुपये, कमाल 5000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अपील करताना मुदत त्या पावतीवरूनच मोजली जाते.