बर्फातील वाहनचालन : इंजिनापेक्षा टायर महत्त्वाचे

डिसेंबर उजाडला, की महाराष्ट्राच्या क्रमांकाच्या मोटारी मनालीच्या रस्त्यावर दिसू लागतात. ३ ऑक्टोबर २०२० रोजी ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि रोहतांगची ३,९७८ मीटर उंचीची खिंड न ओलांडता लाहौलमधील सिस्सूपर्यंत जाणे शक्य झाले. बर्फ असा जवळ आला. पण बर्फात वाहन चालविण्याचा सराव सह्याद्रीच्या घाटांत होत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सोलंग ते बोगदा या टप्प्यात हिमवृष्टी झाली, तेव्हा शेकडो वाहने जागीच अडकून पडली होती.

वाहन कितीही दणकट असले, तरी त्याचा रस्त्याशी संबंध येतो तो चार चाकांखालच्या तळहाताएवढ्या भागापुरताच. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी मोटार कोरड्या डांबरावर ब्रेक लागल्यानंतर साधारण १४ मीटरमध्ये थांबते. दाबल्या गेलेल्या बर्फावर तिला ५० मीटरच्या आसपास लागतात, तर गोठलेल्या पाण्याच्या गुळगुळीत थरावर सुमारे १०० मीटर. चारही चाकांना गती देणारी 'फोर बाय फोर' यंत्रणा चढ चढण्यास मदत करते, थांबण्यास नाही. अशा गाड्यांचे चालक निर्धास्त होतात आणि उतारावर फसतात, ते यामुळेच.

आपल्याकडील नेहमीच्या टायरचे रबर उष्ण हवामानासाठी बनविलेले असते. तापमान सात अंश सेल्सिअसखाली गेले, की ते कडक होऊ लागते व पकड कमी होते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. त्याच्या नक्षीत असंख्य बारीक चिरा असतात. त्या बर्फाला धरून ठेवतात. असा टायर ओळखण्याची खूण म्हणजे तीन शिखरांच्या डोंगरात कोरलेला हिमकण. केवळ 'एम+एस' ही अक्षरे पुरेशी नाहीत, कारण ती छापण्यासाठी बर्फावरील चाचणी सक्तीची नाही. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असताना हिवाळी टायर बंधनकारक आहेत आणि ऑक्टोबर २०२४ पासून तेथे डोंगर-हिमकणाची खूण असलेलेच टायर ग्राह्य धरले जातात. हे टायर चारही चाकांना हवेत. फक्त पुढे बसविल्यास वळणावर मागची बाजू घसरते.

तथापि, वर्षातून चार दिवस बर्फात जाणाऱ्या पुणेकराने किंवा मुंबईकराने त्यांवर खर्च करावा, असे वाटत नाही. उन्हाळ्यातील डांबरावर ते लवकर झिजतात, शिवाय आपल्या बाजारात सहज मिळतही नाहीत. चांगली नक्षी शिल्लक असलेले टायर आणि योग्य मापाच्या साखळ्या, हा व्यवहार्य मार्ग होय. साखळ्या गती मिळणाऱ्या चाकांवर चढवाव्यात. बहुतेक छोट्या मोटारींत ही चाके पुढची, तर बोलेरोसारख्या वाहनांत मागची असतात. साखळी चढविण्याचा सराव घरच्या वाहनतळावरच करून पाहावा. गोठलेल्या बोटांनी तो रस्त्यावर जमत नाही. बर्फ संपताच साखळ्या काढाव्यात. तेवढीही तयारी नसेल, तर मनालीतच गाडी ठेवून स्थानिक चालकाची टॅक्सी करणे शहाणपणाचे.

प्रत्यक्ष चालविताना दुसऱ्या गिअरमध्ये हळुवार सुरुवात करावी. उतारावर ब्रेकपेक्षा खालच्या गिअरवर भिस्त ठेवावी. पुलांवर आणि सावलीतील वळणांवर ओलसर भासणारा रस्ता गोठलेला असू शकतो, विशेषतः सकाळी. एबीएस असलेल्या मोटारीत तातडीने थांबताना ब्रेक दाबून धरावा. पायाखाली जाणवणारी थरथर हा बिघाड नव्हे. रात्री वाहन गिअरमध्ये ठेवून चाकाला दगड लावावा, कारण ओढलेला हँडब्रेक गोठू शकतो. साधे डिझेलही कडाक्याच्या थंडीत घट्ट होते. लडाखसाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये हिवाळी डिझेल उपलब्ध करून देण्यात आले, ते यासाठीच.

वाहन बर्फात अडकलेच, तर मोठा धोका थंडीइतकाच धुराचा असतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातील मरी येथे बर्फात अडकलेल्या पर्यटकांपैकी वीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. त्यांतील अनेक जण आपल्या मोटारींतच दगावले. थंडीबरोबरच कार्बन मोनॉक्साइड वायूचीही शक्यता तेव्हा व्यक्त झाली. धुराची नळी बर्फाने बुजली, की हा गंधहीन वायू आत शिरतो. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी प्रत्येक वेळी खाली उतरून नळीभोवतीचा बर्फ काढावा, हीटर थोडाच वेळ लावावा, खिडकी बोटभर उघडी ठेवावी आणि इंजिन चालू ठेवून झोपू नये. गाडीत ब्लँकेट, पाणी व लहान फावडे असावे.