द्राक्षबागेतील पेस्टिंग: रसायन कसे ठेवावे आणि दारू का टाळावी?

पलूस भागात ऑक्टोबर छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना हायड्रोजन सायनामाईड लावतात. यालाच पेस्टिंग म्हणतात. या द्रावणाने त्वचा आणि डोळे भाजतात, हे बहुतेकांना ठाऊक असते. दारूचा धोका मात्र अनेकांच्या लक्षात येत नाही.

शरीरात गेलेले सायनामाईड दारू पचवणाऱ्या एका एन्झाइमला अडवते. मग थोडी घेतली तरी चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, डोके ठणकते, उलट्या होतात, दम लागतो. रक्तदाबही कोसळू शकतो. घरच्यांना वाटते, आज जास्त झाली. म्हणून पेस्टिंगच्या आदल्या दिवसापासून पुढे आठवडाभर दारू पूर्ण बंद ठेवा.

रसायन मूळ डब्यातच, थंड आणि कुलूपबंद जागी ठेवा. तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये नको. उष्णतेने डबा फुटू शकतो. पाण्याच्या बाटलीत तर कधीच काढून ठेवू नका. हाताळताना रबरी हातमोजे, चष्मा आणि पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत.

अंगावर सांडल्यास कपडे काढून 15 मिनिटे वाहत्या पाण्याने धुवा. पोटात गेल्यास उलटी करायला लावू नका, 108 ला फोन करा. दवाखान्यात येताना लेबलचा फोटो आणा. दारू घेतली असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. उपचार त्यावरच ठरतात.