झोपाळा, तुळई आणि स्लॅब

घोडबंदर रस्त्यावरच्या टॉवरांत किंवा डोंबिवलीजवळच्या पलाव्यात गॅलरीच्या कोपऱ्यात हल्ली वेताची, अंड्याच्या आकाराची टांगती खुर्ची हमखास दिसते. तिने झोपाळ्याला घराबाहेर काढलं, अशी हळहळ जुन्या मंडळींत ऐकू येते. ही परदेशी चूष आहे, असंही म्हटलं जातं. मला हे पटत नाही. झोपाळा कुणाची आवड बदलली म्हणून गेला नाही. ज्या तुळईला तो टांगलेला होता ती तुळई गेली, म्हणून गेला. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या घरांचा इतिहास वाचायचा तर एकदा मान वर करून छताकडे पाहायला हवं.

कल्याणच्या पारनाका, टिळक चौक भागातले वाडे सागवानाचे होते, आणि सागवान लांबून आणावं लागत नव्हतं. शहापूर-मुरबाडची रानं जवळच होती. जाड तुळया, त्यांवर कडीपाट, आणि तुळईला अडकवलेल्या पितळी कड्यांवर माणूस आडवा होईल एवढी फळी, अशी ही रचना. तिचा हिशेब पाहण्यासारखा आहे. फळी चार कड्यांवर तोललेली असते, त्यामुळे दोन-तीन माणसांचं वजन चार ठिकाणी वाटलं जातं आणि तुळई ते भिंतींवर नेऊन सोडते. कडी सात फुटांची धरली आणि झोका तीस अंशांचा, तर फळी पुढे साडेतीन आणि मागे साडेतीन फूट जाते. फळीची स्वतःची दोन फूट रुंदी मिळवली की नऊ फूट मोकळी जागा झोपाळ्यालाच लागते. वाड्याच्या ओटीला आणि माजघराला ती परवडत होती. चैत्रात गौर झोपाळ्यात बसवायची, तिच्यासमोर हळदीकुंकू करायचं, आंब्याची डाळ आणि पन्हं द्यायचं, ही रीत अशाच घरांत शोभून दिसे. झोक्याचं आकर्षण मात्र वाड्यांहून फार जुनं आहे. अजिंठ्याच्या दोन क्रमांकाच्या लेण्यात राजकन्या इरंदती झोक्यावर बसलेली आहे, आणि ते चित्र सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीचं आहे.

यावर एक आक्षेप रास्त आहे: झोपाळा चार खणांचं घर असणाऱ्यांचाच होता, मग त्याच्या जाण्याचा इतिहास हा सगळ्या गावाचा इतिहास कसा? फळीचा झोपाळा सधनांचा होता, हे मान्यच. पण तान्ह्या मुलाची झोळी गरिबाच्या घरातही वाशालाच बांधलेली असे. छताला काहीतरी टांगता येतं, हा भरवसा सगळ्यांचा होता. तो गेला तेव्हा सगळ्यांचाच गेला.

तो एका दिवसात गेला नाही. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी आली, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली, आणि मुंबईत नोकरी करून इथे राहणं शक्य झालं. चाकरमानी वाढले तशी चाळींची आणि मग स्लॅबच्या इमारतींची दाटी झाली. तरी सुरुवातीच्या स्लॅबच्या घरांत हॉलच्या छताला ओतकामातच लोखंडी कड्या सोडलेल्या आढळतात, कारण घर घेणाऱ्याला झोपाळा हवाच असे. पुढे वन रूम किचन आलं. दहा बाय दहाच्या खोलीत नऊ फूट झोपाळ्याला दिले तर माणसांनी कुठे बसायचं? डेन्मार्कमध्ये नाना डिट्झेल यांनी वेताची टांगती खुर्ची १९५९ मध्ये घडवली, हे खरं. पण इथे ती रुजली ती चार फुटांत मावते म्हणून. ती झुलत नाही, डुलते. तिच्यावर दुसऱ्याला जागा नाही, हे तिचं उणेपण मला खुपतं. शेजारी बसून बोलणं झोपाळ्याबरोबरच गेलं.

वाड्यातली तुळई एकाच घरमालकाची होती. फ्लॅटमधलं आपलं छत ही वरच्या शेजाऱ्याची जमीन असते, आणि स्लॅब अख्ख्या इमारतीचा. शिवाय टांगत्या खुर्चीचा सगळा भार एकाच हुकावर येतो. माणूस आणि खुर्ची मिळून शंभर किलो धरले, तर साठ अंशांच्या झोक्यात खालच्या टोकाला हुकावरची ओढ दुप्पट होते. पीओपीचं छत हे पेलत नाही. हुक खऱ्या स्लॅबमध्ये किंवा बीममध्येच हवा. बाहेर काढलेल्या गॅलरीच्या छताला तर अभियंत्याला विचारल्याशिवाय भोकच पाडू नये. शीळफाट्याजवळ ४ एप्रिल २०१३ ला बेकायदा इमारत कोसळून ७४ माणसं गेली. त्या पट्ट्यात राहणाऱ्याने आपल्या स्लॅबवर डोळे झाकून विसंबू नये. शंका असेल तर स्टँडची खुर्ची घ्यावी, ती कमी देखणी असली तरी.

ठाण्याच्या नौपाड्यात, डोंबिवलीच्या टिळकनगरात जुन्या इमारती पाडून नव्या उभ्या राहत आहेत. तुमच्या सोसायटीचे नकाशे अजून पक्के झाले नसतील, तर अभियंत्याला आत्ताच सांगा: हॉलच्या बीमला चार कड्या ओतकामातच सोडा. स्लॅब पडल्यावर ते काम होणार नाही.