कोनाईचा पंजा आणि आपला अंगठा

घर किंवा जमीन गेल्या वीस-बावीस वर्षांत घेतली असेल तर कपाटातलं खरेदीखत काढून बघा. त्यावर घेणाऱ्या-देणाऱ्यांचे फोटो आहेत आणि बोटांचे ठसे आहेत. नोंदणी कायद्यात २००१ साली ३२अ हे कलम आलं, तेव्हापासूनची ही पद्धत. तोतया उभा करून दुसऱ्याची जमीन विकू नये म्हणून. हेतू चांगलाच होता. पण त्याच ठशावरून तुमच्या बँक खात्यातले पैसे काढता येतात, हे अलीकडच्या काही वर्षांत दिसलं. आणि हे कसं झालं ते समजायला थोडं मागं जावं लागतं.

आपल्याकडे लिहिता न येणारा शेतकरी कागदावर नांगराची निशाणी करायचा. आता नांगर काय, कुणीही काढेल! पुण्या-नगरच्या शेतकऱ्यांनी १८७५ साली सुप्यापासून सुरुवात करून सावकारांकडचे रोखे जाळले, त्यामागे कर्ज तर होतंच, पण कागदावर काय लिहिलंय आणि निशाणी कुणाची, हा अविश्वासही होता. १८७९ च्या कायद्यानं गावोगावी निबंधक नेमून कागद त्यांच्यासमोर करायला लावले ते यासाठीच.

तिकडे बंगालात याच दुखण्यावर एका कलेक्टरनं वेगळा इलाज शोधला. विल्यम हर्शेल त्याचं नाव. १८५८ च्या जुलैमध्ये जंगीपूरला त्यानं रस्त्याच्या खडीचं कंत्राट राज्यधर कोनाई या माणसाला दिलं आणि कागदाच्या पाठीवर त्याचा अख्खा पंजा शाईत बुडवून उमटवून घेतला. का? तर उद्या हा ‘सही माझी नाहीच’ म्हणायला नको. शास्त्र वगैरे काही नव्हतं, नुसती दहशत. पण हर्शेलला नाद लागला. ओळखीच्या लोकांचे ठसे वर्षानुवर्षं घेत राहिला आणि त्याच्या लक्षात आलं, की रेषा बदलत नाहीत. १८७७ साली हुगळीला असताना त्यानं तीन ठिकाणी ठसे सुरू केले: पेन्शनर, तुरुंग आणि दस्तनोंदणी. कारण पेन्शनर मेल्यावर त्याच्या नावानं दुसराच पैसे उचलायचा, शिक्षा भोगायला भाड्याचा माणूस जायचा आणि दस्त केलेला माणूस नंतर कानावर हात ठेवायचा.

म्हणजे बोटांचे ठसे म्हटल्यावर आपल्याला खून आणि पोलीस आठवतात, पण त्यांचा सरकारी वापर सुरू झाला तो ओळखचोरी थांबवायला. पोलिसांची पाळी नंतर आली. १८९७ साली कलकत्त्याला ठशांचं कार्यालय उभं राहिलं. हजारो ठशांतून एक शोधायचा कसा, ही खरी अडचण होती. ती सोडवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन दुय्यम अधिकाऱ्यांचा मोठा वाटा. पद्धतीला नाव मात्र साहेबाचं लागलं, ‘हेन्री पद्धत’. (नेहमीचंच.)

या सगळ्यात एक गोष्ट गृहीत धरलेली होती: अंगठा लावायला माणूस स्वतः समोर बसलेला आहे आणि कागद सरकारी कपाटात कुलपात आहे. पुढे कपाट उघडलं गेलं आणि समोरचा माणूस गायब झाला.

२९ सप्टेंबर २०१० ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं. त्यावर पुढे बँकेची सोय आली, एईपीएस. आधार क्रमांक, बँकेचं नाव आणि अंगठा, बस्स. ना ओटीपी, ना पिन. जिथं बँकेची शाखा नाही तिथल्या माणसाला गावातच पैसे मिळतात. ही सोय खरंच मोलाची आहे, तिला नावं ठेवणारे बहुधा शहरात राहतात. पण इकडे नोंदणी खात्यांनी दस्त स्कॅन करून संकेतस्थळांवर टाकले होते, अंगठ्यांसकट. कित्येक दस्तांवर आधार क्रमांकही होता.

२०१८ साली तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्यानं नोंदणी खात्याच्या संकेतस्थळावरून ठसे उतरवले, रबरी शिक्के करायच्या यंत्रावर त्यांचे नकली अंगठे बनवले आणि त्यावर हजारो सिमकार्डं चालू केली. २०२३ मध्ये कोलकाता आणि आसपास खात्यातून परस्पर पैसे गेल्याच्या तक्रारींची रांग लागली आणि संशय पुन्हा जमिनीच्या दस्तांवरच गेला. दस्तावरच्या ठशांची सुरुवात ज्या बंगालात झाली, तिथंच! आधार प्राधिकरणानं त्याच वर्षी बोट जिवंत आहे की नकली हे तपासणारी यंत्रणा आणली, ते बरं झालं. पण पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा कुठून बदलणार?

मग करायचं काय? माय-आधार संकेतस्थळावर किंवा एम-आधार ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक आहे. ते लावा. रेशनला किंवा सिमला अंगठा द्यायचा असेल तेव्हा थोड्या वेळापुरतं उघडता येतं. तिथंच मागच्या सहा महिन्यांत तुमचं आधार कुठं-कुठं वापरलं गेलं तेही दिसतं. झेरॉक्सच्या दुकानात आणि लॉजवर आख्खं आधार देण्याऐवजी शेवटचे चारच आकडे दिसणारं ‘मास्क्ड’ आधार द्या.

आणि पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० ला, लगेच. मग बँक, लेखी, पोच घेऊन. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट आहे: दोष बँकेचाही नाही, तुमचाही नाही, आणि तुम्ही तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर नुकसान तुमच्या माथी मारता येत नाही. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करणं बँकेचं काम. काउंटरवरचा माणूस ‘अंगठा तुमचाच आहे ना, मग?’ म्हणेल. त्याला हे परिपत्रक दाखवा. तीस दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल आहे. पोलिसांत तक्रार देताना माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६६क कलम सांगा, ओळखचोरीला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

पण मला खरी काळजी वेगळीच आहे. लॉक लावायला आधारला जोडलेला मोबाइल लागतो. निराधार योजनेचे पैसे अंगठ्यावर उचलणारी म्हातारी हे कुठून करणार? लॉक लावलं तर तिचेच पैसे अडकणार. ज्यांच्यासाठी ही सोय केली त्यांनाच कुलूप परवडत नाही, आणि दस्त उघड्यावर टाकणाऱ्या खात्यांना कुणी जाब विचारलेला माझ्या वाचनात नाही.

अशा घरांत निदान एवढं करता येईल. आधार जोडलेल्या खात्यात गरजेपुरतेच पैसे ठेवा, बाकीचे मुदत ठेवीत टाका. आणि पैसे गेल्याचा मेसेज येईल यावर विसंबू नका, बऱ्याचदा नंबरच जुना असतो. दर महिन्याला पासबुक भरून आणा आणि त्यात एईपीएस ही अक्षरं शोधा. इंग्रजीत छापलेली असतात, म्हणून त्यांना ती दिसत नाहीत.