देहाचे दप्तर : गोंदणाच्या इतिहासाविषयी काही विचार

बडोद्याहून पूर्वेस जाणारा रस्ता साधारण वीस किलोमीटरांवर वाघोडियास पोहोचतो. हा सारा टापू १ मे १९४९ पर्यंत बडोदे संस्थानात होता. आता गावालगत कारखान्यांची मोठी वसाहत आहे, आणि सकाळ-संध्याकाळ कामगारांनी भरलेल्या गाड्या या रस्त्याने ये-जा करतात. मध्यंतरी काही कामानिमित्त तेथे जाण्याचा योग आला असता बसथांब्यावर शेजारी शेजारी बसलेल्या दोन स्त्रियांकडे आमचे लक्ष गेले. एक सत्तरी ओलांडलेली आदिवासी म्हातारी होती. तिच्या हनुवटीवर तीन ठिपके होते आणि मनगटापासून कोपरापर्यंत फिकट हिरवे गोंदण पसरले होते. त्यात एक विंचू, एक झाड आणि चार गुजराती अक्षरे ओळखू येत होती. दुसरी कारखान्याच्या गणवेशातली विशीतली मुलगी होती. तिच्या मनगटावर काळ्याभोर रेषांनी एक नाव व त्याखाली एक तारीख गोंदलेली होती.

आम्ही म्हातारीला त्या अक्षरांविषयी विचारले. ती काही बोलली नाही. हात मात्र तिने आमच्यापुढे केला आणि किंचित हसली. नाव तिच्या धन्याचे होते, आणि ते तिने उच्चारावयाचे नव्हते. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. परंतु नावाचा आरंभ कोठे व शेवट कोठे, हे तिने बोट ठेवून अचूक दाखविले. मुलीच्या मनगटावरील नाव तिच्या आईचे होते आणि तारीख आईच्या मृत्यूची. थोड्या वेळाने गाडी आली व दोघी निघून गेल्या. त्या दोन हातांनी आमच्यापुढे ठेवलेला प्रश्न मात्र सुटला नाही. ज्यांच्यापाशी कागद नव्हता, लेखणी नव्हती, त्यांनी आपणास विसरावयाचे नाही ते कोठे लिहून ठेवले? आणि ज्यांच्यापाशी आज हे सारे आहे, त्यांनाही ते त्वचेवरच का लिहावेसे वाटते?

प्रथम शब्दाचा विचार करू. मराठीत ‘गोंदणे’ हे क्रियापद आणि ‘गोंदण’ हे नाम, दोन्ही रूढ आहेत. हिंदी प्रदेशात ‘गोदना’ म्हणतात. गुजरातीत ‘छूंदणां’ व ‘त्राजवां’ असे दोन शब्द आढळतात. त्यांपैकी दुसरा सौराष्ट्र व कच्छ या भागांत विशेष ऐकू येतो. तमिळ भाषेतील ‘पच्चै’ या शब्दात हिरव्या रंगाचाच निर्देश आहे. याउलट ‘टॅटू’ हा शब्द आपल्याकडे फार दुरून आला. कॅप्टन कुक १७६९ साली ताहिती बेटावर उतरला, तेव्हा तेथील ‘तताउ’ हा शब्द त्याच्या जहाजाबरोबर इंग्रजीत गेला व तेथून जगभर पसरला. वाघोडियाची मुलगी आज ‘टॅटू’ म्हणते आणि तिच्या शेजारची म्हातारी ‘छूंदणां’ म्हणते. कृती मात्र एकच आहे.

ही कृती किती प्राचीन आहे, याची साक्ष आता प्रत्यक्ष देहांनीच दिली आहे. आल्प्स पर्वतात ऑस्ट्रिया-इटलीच्या सीमेवर १९९१ साली बर्फात गोठलेला एका पुरुषाचा देह सापडला. तो सुमारे ५३०० वर्षांपूर्वीचा असून त्याच्या अंगावर गोंदणाच्या ६१ खुणा मोजल्या गेल्या आहेत. त्यांतील बऱ्याच सांध्यांजवळ व कंबरेवर असल्यामुळे त्या वेदनाशमनासाठी काढल्या असाव्यात, असा तर्क अभ्यासकांनी केला आहे. बर्फाने किंवा वाळवंटाने देह राखला तेथेच हा पुरावा उरला. आपल्याकडे प्रेत अग्नीला दिले जाते. म्हणून जेथे गोंदणाची परंपरा इतकी दाट, तेथेच तिचा जुना पुरावा सर्वांत विरळ आहे. या गोष्टीकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

गोंदणाची जुनी रीत पुष्कळ वाचकांनी घरातील वडीलधाऱ्या बायकांकडून ऐकली असेल. गोंदणारीण ही बहुधा भटक्या जमातींपैकी असे. जत्रेत किंवा सुगीनंतर ती गावात येई. दिव्याची काजळी पाण्यात, कोठे पाल्याच्या रसात, तर कोठे स्त्रीच्या दुधात खलली जाई. दोन-चार सुया दोऱ्याने एकत्र बांधून त्या काजळीत बुडवीत आणि कातडीत भराभर टोचीत. मुलगी रडू लागली की गोंदणारीण गाणे म्हणे, बाकीच्या बायका हात धरून ठेवीत, आणि शेवटी हळद-तेल लावून तिला सोडीत. मोबदला बहुधा धान्याच्या रूपाने मिळे. काजळी काळी असली तरी त्वचेच्या आड गेल्यावर ती निळसर-हिरवी दिसते, कारण त्वचेतून परतणाऱ्या प्रकाशात निळ्या छटेचा अंश अधिक असतो. आपल्या ‘हिरव्या गोंदणा’चे रहस्य एवढेच आहे.

हा रंग जन्मभर कसा टिकतो, याविषयी २०१८ साली फ्रान्समधील संशोधकांनी उंदरांवर प्रयोग केले. त्वचेतील भक्षक पेशी रंगाचे कण गिळून धरून ठेवतात. ती पेशी मेली की कण मोकळे होतात आणि तिच्या जागी आलेली नवी पेशी ते पुन्हा उचलते, असे त्यांना आढळले. जीर्ण झालेल्या पोथीवरून नवी पोथी उतरवून घ्यावी, आणि पोथ्या बदलल्या तरी ग्रंथ तोच राहावा, तसाच हा प्रकार आहे. आपल्या म्हातारीच्या हातावरील चार अक्षरे पन्नास-साठ वर्षे अशीच उतरविली गेली असली पाहिजेत.

आता या दप्तरात काय नोंदले जाई ते पाहू. महाराष्ट्रात कपाळावर व हनुवटीवर ठिपके, हातावर तुळशीवृंदावन, विंचू, रामकृष्णांची नावे अशा खुणा आढळतात. सौराष्ट्रातील मेर स्त्रियांच्या हातांवर व गळ्याखाली पाणी भरणाऱ्या बायका, देवदेवता, आणि आईबापांना कावडीत घेऊन निघालेला श्रावण अशी चित्रे गोंदलेली असत. मध्य प्रदेशातील बैगा स्त्रियांचे सर्वांग गोंदणाने भरलेले असे. व्हेरिअर एल्विन यांनी १९३९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘द बैगा’ या ग्रंथामुळे हा समाज अभ्यासकांना परिचित झाला. या बहुतेक खुणा समाजाने ठरविलेल्या असत. कोणती खूण, कोणत्या वयात, कोणत्या अंगावर, हे मुलीने ठरवावयाचे नसे. तिच्या हौसेला थोडा वाव होता, नकाराला फार थोडा. जुन्या गोंदणाचे गुणगान करताना हात धरून ठेवणाऱ्या त्या बायकांचा विसर पडू देणे योग्य होणार नाही.

परंतु या ठरीव खुणांमध्येच एक जागा अशी होती की जेथे स्त्री स्वतःचे काही लिहून ठेवू शके. ती जागा नावाची. नवऱ्याचे नाव, पाठच्या भावाचे नाव, कधी जिवलग मैत्रिणीचे नाव. नवऱ्याचे नाव घ्यावयाचे नाही, हा आपल्याकडील जुना दंडक. तो मोडावयाचा तर उखाण्याच्या आडोशाने, चारचौघींच्या आग्रहाखातर. जिभेला जे मना होते ते हाताला मना नव्हते, ही ध्यानात घेण्याजोगी गोष्ट आहे. ज्या स्त्रीने पाटी कधी पाहिली नाही, तिच्या मालकीचे पहिले, आणि बहुधा अखेरचेही, लिखाण तिच्या स्वतःच्या हातावर होते. ते तिला वाचता येत नसे, पण त्याचा अर्थ तिच्याइतका दुसऱ्या कोणास ठाऊक नसे. मेल्यावर दागिने, लुगडी सारे येथेच राहते, बरोबर येते ते गोंदण, ही समजूत महाराष्ट्रापासून कच्छपर्यंत एकाच स्वरूपात ऐकू येते. ज्यांच्या नावावर जमीन नव्हती, घर नव्हते, त्यांनी कोणासही हिरावून घेता येणार नाही अशी एक मत्ता मिळविली, असाच या समजुतीचा अर्थ आम्ही करतो.

स्वतःच्या इच्छेने लिहिलेले आणि दुसऱ्याने लादलेले यांतील अंतर किती मोठे असते, हे गोंदणाच्या इतिहासाइतके स्पष्टपणे क्वचितच दिसते. कंपनी सरकारने १७९७ पासून बंगाल इलाख्यात जन्मठेपेच्या कैद्यांच्या कपाळावर त्यांचा गुन्हा गोंदविण्याची शिक्षा चालविली. ती १८४९ साली रद्द झाली. मधल्या काळात अशी माणसे फेटा कपाळावर ओढून घेऊन वावरत. विसाव्या शतकात आउश्वित्झच्या छळछावणीत बंद्यांच्या हातांवर आकडे गोंदविले गेले. १९७५ सालच्या ‘दीवार’ या हिंदी चित्रपटातील मुलाच्या हातावर गावकरी बळजबरीने त्याच्या बापाची बेअब्रू गोंदवितात. तो प्रसंग कोट्यवधी प्रेक्षकांना कळला, कारण या खुणेचे वजन त्यांना आधीच ठाऊक होते. याच्या अगदी उलट उदाहरण छत्तीसगडातील रामनामी पंथाचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, १८९० नंतरच्या दशकात, परशुराम नावाच्या पुरुषाने हा पंथ स्थापिला. ज्यांना देवळात पाऊल ठेवू दिले जात नव्हते, त्यांनी रामाचे नाव कपाळापासून पावलापर्यंत गोंदवून घेतले. सुई तीच आणि काजळीही तीच. एके ठिकाणी अक्षराने माणसाची मान खाली घातली, तर दुसऱ्या ठिकाणी ती वर उचलली.

पुन्हा बडोदे संस्थानाकडे वळू. महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग आरंभिला आणि १९०६ साली तो सर्व संस्थानास लागू केला. ही सक्ती मुलींनाही होती. १९१० नंतर गावोगाव ग्रंथालये निघाली. याच काळात बडोद्याच्या सुशिक्षित मराठी घराण्यांतून गोंदण हळूहळू मागे पडले. आमच्या आजीच्या हातावर तुळशीवृंदावन होते, आईच्या कपाळावर फक्त एक ठिपका होता, आणि पुढच्या पिढीत तोही उरला नाही. आईला तो ठिपका कुंकवाखाली झाकण्याची सवय होती. पाटी आली आणि हातावरचे लिखाण अडाणीपणाची खूण ठरले. शिक्षणाने जे दिले त्याचे मोल कमी लेखण्याचा आमचा मुळीच हेतू नाही; पण ज्या अक्षरांसाठी ही सारी धडपड चालली होती, तीच अक्षरे आजीच्या पिढीने रक्त सांडून अंगावर बाळगली होती, हे त्या काळी कोणाच्या मनात आले नाही, एवढे नमूद केले पाहिजे.

मग आजची शिकलेली मुलगी पुन्हा सुईकडे का वळते? विजेवर चालणारे गोंदणयंत्र न्यूयॉर्कच्या सॅम्युएल ओरायली याने १८९१ साली नोंदविले. त्याचे मूळ एडिसनच्या विजेच्या लेखणीत होते. लेखणीचेच गोंदणयंत्र व्हावे, यात एक प्रकारचे औचित्य आहे. हे यंत्र पुढे आपल्या जत्रांत आले आणि आता शहरांतल्या दुकानांत आहे. नव्या गोंदणात अनुकरण पुष्कळ आहे, फॅशन आहे, आणि एकच सुई अनेकांना वापरल्यास काविळीसारखे रोग पसरण्याचा जुना धोकाही आहे. परंतु ज्या मुलीने आईचे नाव व मृत्युदिन मनगटावर घेतला, तिला केवळ फॅशनमध्ये मोजणे अन्यायाचे होईल. तिच्यापाशी आईची शेकडो छायाचित्रे असतील. तरीही जे हरवणार नाही, पुसले जाणार नाही, आणि मिळविताना थोडे तरी दुखेल, असे काही तिला हवे होते. म्हातारीच्या गोंदणातील ठिपके समाजाने दिले होते, पण नाव तिचे होते. समाजाचे ठिपके गेले. नाव तेवढे राहिले. जुन्या परंपरेतील सर्वांत खासगी अंशच नव्या काळात तगून राहिला आहे, असे आम्हांस वाटते.

आता आरंभी टाळून ठेवलेल्या गोष्टीकडे येऊ. बडोद्याने जुनी अक्षरे जपण्याचे कार्य किती निष्ठेने केले, हे या नियतकालिकाच्या वाचकांस सांगावयास नको. गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा पहिला ग्रंथ, राजशेखराची ‘काव्यमीमांसा’, १९१६ साली प्रसिद्ध झाला. पुढे वाल्मीकिरामायणाची चिकित्सक आवृत्तीही याच नगरीत, देशभरच्या हस्तलिखितांची पाने ताडून, सिद्ध झाली. त्याच वेळी वीस कोसांच्या आत हजारो हातांवर रामाचे नाव होते, आणि त्यातले एकही हस्तलिखित कोणत्याही सूचीत गेले नाही. प्रत्येक चितेबरोबर एक प्रत जळत होती. शहरातील चित्रकार व छायाचित्रकार ज्योती भट्ट यांनी १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून गावोगाव फिरून भिंतींवरील व अंगांवरील लोककलेची छायाचित्रे घेतली. गणेश देवी यांनी तेजगढ येथे आदिवासी अकादमी उभी केली. हे अपवाद मोलाचे आहेत, पण अपवादच.

म्हणून अध्यापकवर्गास आमची एक विनंती आहे. ज्या स्त्रियांच्या अंगावर जत्रेतल्या गोंदणारणीच्या हातचे काम आहे, त्या आता वृद्ध झाल्या आहेत, आणि वाघोडियासारख्या तालुक्यांतल्या शाळांत त्यांची नातवंडे शिकत आहेत. आजीची अनुमती घेऊन मुलांनी तिचे गोंदण वहीत उतरवून घ्यावे. ते कोणी केले, कोणत्या जत्रेत केले, मोबदला काय दिला, नाव कोणाचे, आणि ते तिने स्वतः सांगितले की दुसऱ्याने ठरविले, हे विचारून लिहावे. तिला जे सांगावयाचे नसेल ते विचारू नये. एवढ्या नोंदींतून कदाचित थोर ग्रंथ निर्माण होणार नाही. पण ज्यांना आपण निरक्षर म्हणत आलो, त्यांच्या लेखनाची निदान एक सूची तयार होईल. त्या दिवशी बसथांब्यावर त्या म्हातारीने बोलून दाखविले नाही ते हात पुढे करून वाचावयास दिले. वाचणाराने ते उतरवून घेतले नाही, तर दोष तिच्या मौनाचा नव्हे.