कायदा १९४० चा, गोळ्या ॲपवर

मॅकिन्झीची नोकरी सोडून डॉ. धवल शाह यांनी धर्मिल शेठ यांच्यासोबत २०१५ मध्ये मुंबईत फार्मईझी सुरू केली. २०२१ मध्ये थायरोकेअरचा ६६ टक्के हिस्सा ४,५४६ कोटींना घेतला. कौतुक आहेच.

पण औषधविक्रीचा कायदा १९४० चा, त्यात ॲप कुठून येणार? ऑगस्ट २०१८ मध्ये ऑनलाइन विक्रीच्या नियमांचा मसुदा निघाला. २८ सप्टेंबरला केमिस्टांनी देशभर बंद पाळला. मसुदा मसुदाच राहिला.

मी नागपूरचा पत्रकार. आमच्या गल्लीतल्या मेडिकलवाल्याचा परवाना भिंतीवर टांगलेला दिसतो. ॲपमागेही परवान्याचं दुकान असतं, पण ते दिसत नाही. घरपोच गोळी चुकीची निघाली, तर म्हाताऱ्या माणसानं जाब कोणाला विचारायचा? सरकारनं एवढं तरी लिहून द्यावं ना!