सिलिकॉन ट्रॅकर

विद्युतभारित कण कोणत्या वाटेने गेला हे काही मायक्रोमीटरच्या अचूकतेने टिपणारे, सिलिकॉनपासून बनवलेले उपकरण. कणत्वरकावरील प्रयोगांत ते टकरीच्या बिंदूला सर्वांत जवळ बसवतात. टकरीतून जन्मलेला कण मिलीमीटरभरही न जाता विघटित झाला, तर त्याचा पुरावा याच थरांच्या नोंदींतून मिळतो. मार्ग टिपायचा म्हणजे कणाला पदार्थातून जाऊ द्यावे लागते, आणि पदार्थ जास्त झाला की कणाची दिशाच बदलते. म्हणून या क्षेत्रातले सारे कौशल्य कमीत कमी वस्तुमानात जास्तीत जास्त माहिती मिळवण्यात आहे.

सेन्सर म्हणजे अतिशुद्ध सिलिकॉनचा सुमारे ०.३ मिमी जाडीचा तुकडा. त्यावर उलट दिशेने विभवांतर लावले की आतले मुक्त भार निघून जातात. अशा रित्या सिलिकॉनमधून कण गेला की इलेक्ट्रॉन आणि विवर यांच्या जोड्या तयार होतात. एका जोडीला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा पुरते. वायूत त्यासाठी तीसच्या आसपास लागते. त्यामुळे एवढ्याशा जाडीतही वीस हजारांहून अधिक जोड्या मिळतात आणि त्यांचा भार काही नॅनोसेकंदांत पृष्ठभागावरच्या बारीक पट्ट्यांवर गोळा होतो. कोणत्या पट्टीवर भार आला यावरून कणाची जागा ठरते. पट्ट्यांऐवजी चौकटी असतील तर त्याला पिक्सेल सेन्सर म्हणतात.

जर्मनीतील जोसेफ केमर यांनी १९८० मध्ये इलेक्ट्रॉनिक्स उद्योगातील प्लेनर प्रक्रिया शोधकांसाठी वापरून दाखवली. पुढच्या काही वर्षांत सर्नच्या एनए११ प्रयोगाने असे पट्टी-सेन्सर लावून चार्म क्वार्क असलेल्या अल्पायुषी कणांचा अभ्यास केला. मुंबईला घन माध्यमात मार्ग टिपण्याची ओळख त्याआधीच होती: टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टीआयएफआर) १९५० च्या दशकात बर्नार्ड पीटर्स आणि त्यांचे सहकारी फुग्यांतून उंच पाठवलेल्या छायाचित्रण-पायसात विश्वकिरणांचे मार्ग सूक्ष्मदर्शकाखाली मोजत. मात्र पायसाचे वाचन कित्येक आठवडे चाले. सिलिकॉन ते क्षणात करते, आणि सेकंदाला कोट्यवधी टकरी होणाऱ्या यंत्रावर दुसरे काही चालणारच नाही.

भारतात सेन्सर बनवण्याचा पहिला मोठा अनुभव सर्नच्या सीएमएस प्रयोगाने दिला. तेथील प्रीशॉवर शोधकासाठी मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पट्टी-सेन्सर विकसित केले, बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने ते चार इंची वेफरवर बनवले, आणि दिल्ली विद्यापीठाचा गटही या कामात होता. भाभा केंद्रात अनिता टोपकर यांचा या विकासात प्रमुख वाटा होता. प्रत्येक सेन्सर ६३ मिमी लांब-रुंद आणि त्यावर ३२ पट्ट्या. प्रीशॉवरमध्ये असे सुमारे ४,३०० सेन्सर आहेत. त्यांपैकी अंदाजे एक हजार भारतातून गेले. प्रीशॉवर काटेकोर अर्थाने ट्रॅकर नव्हे. एक फोटॉन आला की उदासीन पायॉनपासून निघालेले दोन अगदी जवळचे फोटॉन आले, हे ओळखणे त्याचे काम. पण गळतीप्रवाह कमी आणि सर्व पट्ट्यांवर एकसारखा ठेवणे, किरणोत्साराचा मारा झाल्यावरही शेकडो व्होल्ट पेलणे, या अटी ट्रॅकरच्याच आहेत, आणि एक हजार नग त्या अटींत बसवणे ही प्रयोगशाळेत दोन-चार चांगले नमुने करण्यापेक्षा फार वेगळी परीक्षा असते. या कामाची दखल मराठीत पुरेशी घेतली गेलेली नाही.

खऱ्या ट्रॅकरची बांधणी टीआयएफआरच्या गटाने जपानमधील बेल-२ प्रयोगासाठी केली. त्सुकुबा येथील सुपरकेईकेबी यंत्रावर ७ गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टचे इलेक्ट्रॉन आणि ४ चे पॉझिट्रॉन एकमेकांवर आदळतात. त्यातून बी मेसॉन आणि त्याचा प्रतिकण निर्माण होतात, आणि त्यांच्या विघटनबिंदूंमधले सरासरी अंतर सुमारे ०.१३ मिमी असते. द्रव्य आणि प्रतिद्रव्य यांच्या वागणुकीतला फरक या अंतरावरून मोजायचा. त्यासाठी आत पिक्सेलचे थर आणि त्यांच्याभोवती दुहेरी बाजूंनी वाचल्या जाणाऱ्या पट्टी-सेन्सरचे चार थर आहेत. क्रमाने हे थर तिसरा ते सहावा. तिसरा मेलबर्न विद्यापीठाने, पाचवा व्हिएन्नाच्या संस्थेने, सहावा जपानच्या कावली संस्थेने जोडला. पुढचे व मागचे भाग इटलीतील पिसा येथे तयार झाले. चौथा थर मुंबईकरांचा: १० शिड्या, प्रत्येकीवर तीन सेन्सर. ही जुळणी काशिवा येथील कावली संस्थेच्या क्लीनरूममध्ये झाली.

या शिडीची रचना मुद्दाम समजून घेण्यासारखी आहे. सेन्सरच्या दोन्ही बाजूंचे संकेत वाचायचे, पण वाचणाऱ्या चिप दोन्हीकडे लावल्या तर थंड करणाऱ्या नळ्याही दोन लागतात आणि वस्तुमान वाढते. म्हणून खालच्या बाजूचे संकेत लवचीक परिपथावरून सेन्सरच्या कडेला वळवून वर आणतात. सगळ्या चिप एका ओळीत येतात आणि द्रवरूप कार्बन डायऑक्साइडची एकच बारीक नळी पुरते. घडी घालण्याच्या या युक्तीला ओरिगामी हेच नाव आहे. चिप स्वतःच घासून ०.१ मिमी जाडीच्या केलेल्या असतात. डिंकाचा थेंब जास्त पडला, घडी किंचित सरकली किंवा केसाहून बारीक ॲल्युमिनियम तारेचा एखादा टाका सुटला, तर पट्ट्या मुक्या होतात, आणि आत बसल्यावर दुरुस्ती जवळपास अशक्य. हा शोधक २०१८ च्या अखेरीस बसवला गेला आणि २०१९ च्या मार्चपासून त्याच्यासह नोंदी सुरू झाल्या.

पुढच्या प्रयोगांच्या गरजा याहून कठोर आहेत. सर्नचे लार्ज हॅड्रॉन कोलायडर अधिक तीव्रतेने चालू लागेल तेव्हा कणपुंजांच्या एका भेटीत २०० पर्यंत टकरी होतील, आणि अशा भेटी दर २५ नॅनोसेकंदांनी. सर्वांत आतल्या थरांतून त्यांच्या आयुष्यात दर चौरस सेंटिमीटरला १० चा सोळावा घात एवढे कण जातील. त्या माऱ्याने सिलिकॉनच्या स्फटिकात दोष पडतात, गळतीप्रवाह वाढतो, गोळा होणारा भार घटतो. म्हणून आता पी-प्रकारचे सेन्सर निवडतात आणि त्यांना शून्याच्या बरेच खाली थंड ठेवतात. यंत्र बंद असतानाही फार काळ ऊब चालत नाही. सीएमएसच्या नव्या बाह्य ट्रॅकरमध्ये दोन सेन्सर जवळजवळ ठेवून चुंबकीय क्षेत्रात मार्ग किती वाकला हे तिथल्या तिथे तपासले जाईल आणि कमी संवेगाच्या कणांची गर्दी तिथेच गाळली जाईल. टकरी वेगळ्या करण्यासाठी काही सेन्सर सेकंदाच्या सुमारे ३० लाखकोट्यंशांपर्यंत वेळही मोजतील.

याच यंत्रासाठी सीएमएसच्या टोकांना सुमारे ६०० चौरस मीटर सिलिकॉन असलेला कॅलरीमीटर येत आहे. त्याचे षटकोनी मोड्यूल जोडणाऱ्या जगभरातील सहा केंद्रांपैकी एक टीआयएफआर आहे. ऊर्जा मोजणारे हे उपकरण कणवर्षावाचा मार्गही थराथराने दाखवील, त्यामुळे कॅलरीमीटर आणि ट्रॅकर यांच्यातली सीमारेषा पुसट होत चालली आहे.

सेन्सर आणि वाचक चिप एकाच सिलिकॉनमध्ये बनवणे ही यापुढची दिशा. सर्नच्या ॲलिस प्रयोगाचा आजचा आतला ट्रॅकर असाच आहे: १८० नॅनोमीटर तंत्राच्या चिप, एकूण साडेबारा अब्ज पिक्सेल. त्याची पुढची आवृत्ती ६५ नॅनोमीटर तंत्रात, वेफरएवढ्या मोठ्या आणि ०.०५ मिमीपर्यंत घासलेल्या चिप वाकवून, टकरीच्या नळीभोवती जवळजवळ आधाराशिवाय बसेल. येथे भारताची अडचण कारागिरीची नाही, चिप बनवणाऱ्या कारखान्याची आहे. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ मध्ये उत्पादन सुरू झाले. १९८९ च्या आगीत तो कारखाना जळाला आणि देश बरीच वर्षे मागे पडला. पुन्हा उभ्या राहिलेल्या मोहालीत आज १८० नॅनोमीटरपर्यंतचे तंत्र आहे. गुजरातेतील धोलेरा येथे २८ ते ११० नॅनोमीटर तंत्राच्या कारखान्याची पायाभरणी मार्च २०२४ मध्ये झाली. तेथे शोधकांच्या छोट्या मागणीला जागा मिळाली, तर मुंबईत जोडल्या जाणाऱ्या पुढच्या पिढीच्या सेन्सरचे सिलिकॉनही देशातच घडू शकेल.